एक वीत

फक्कीची बालडी घेऊन मी साडेपाचला मैदानात.
तिसऱ्या गेटाकडून गाडी ओरडत जाते
आणि पोरं एकेक करत उगवतात धुक्यातून:
वडगावचा सोमनिंग, शर्टाला मागावरचं सूत चिकटलेलं,
कडोलीचा भरमा, सायकलीला बटाट्याचं रिकामं पोतं,
कॅम्पातला झुबेर, खानापूरचा इनास,
तो बसच्या पासावर येतो, पास संपला की येत नाही.

यंदा काय होणार, चहाच्या गाड्यावर मला विचारतात,
जसा काय मी पंचांग बघतो.
सव्वीस वर्षं रेषा मारतोय. कोच पाहिले पाच.
एकाची शिट्टी चांदीची होती.
एकानं फळ्यावर बाण काढले,
बाण अजून आहेत, तो गेला.

गेल्या साली धारवाडात सहा खाल्ले.
सहा.
येताना बसमध्ये कुणी खिडकीसुद्धा उघडली नाही.
कित्तूर आलं तसा सोमनिंग म्हणाला,
मामा, हात पोचत नव्हता बघा.
मी झोपेचं सोंग घेतलं.

आता हे मड्डीमनी सर. गोकाकचे.
मराठी बोलतात ते ओढ्यातल्या दगडांवर पाय ठेवल्यागत,
एक शब्द, थांबा, मग दुसरा.
झुबेर फिसकन हसला.
सरांनी त्याला त्याच्याच उर्दूत हळू काहीतरी सांगितलं,
तो पळायला लागला ते नऊ फेऱ्या.

पहिल्या दिवशी बॉल दिलाच नाही.
खिशातनं टेप काढला, शिंप्याचा, पिवळा,
नि मैदान मोजायला बसले, कापड बेतावं तसं.
कोपऱ्याची रेषा तिरकी. बरं, मान्य.
पेनल्टीचा ठिपका पाऊलभर सरकलेला. असेल.
मग गोलखांबाशी गेले
आणि माझ्या पोटात बालडी पालथी झाली.

मोजलं. परत मोजलं.
आडवा दांडा एक वीत खाली.

अकरा वर्षं झाली त्याला. बुडाला गंज, खांब डुलायचे,
अर्ज दिला, ऑफिस म्हणालं, उद्या.
उद्याची फाईल जाडजूड झाली
तेव्हा मीच एका रविवारी उद्यमबागेतून वेल्डर आणला,
कुजलेलं तेवढं कापलं,
उरलेलं परत पुरलं, वरून चुना मारला.
वीतभर लोखंडाला कोण विचारतं?

कुणी विचारलं नाही. पोरं इथंच शिकली,
उडी एवढी, हात एवढा, वरून गेला तो आऊट.
आमच्याकडे आऊट. धारवाडात गोल.

सर माझ्याकडे बघत होते, मी फक्कीकडे.
म्हटलं, जमीन चढली असेल सर, गाळानं.
"हौदु," म्हणाले. "जमीन पण चढते कधी."
टेप गुंडाळला. "नाळे."
नाळे म्हणजे उद्या, हे आमच्या मुलखात तान्ह्यालाही कळतं.
भुताला परतवायला दारावर खडूनं लिहितात तोच शब्द.
मी निवांत घरी गेलो.

सकाळी येतो तर गुडघाभर खड्डा खणून झालेला,
आत सर, पँट दुमडलेली,
भरमा घरची पहार घेऊन,
आणि दवात भिजलेले नव्या लोखंडाचे दोन तुकडे,
वीत-वीतभर.
माझं नाव कुणी काढलं नाही.
म्हणून मीच पुढं होऊन पाटी धरली.

आता सोमनिंग रोज झेपावतो नि रोज चुकतो.
हात जुन्या दांड्यापाशीच थांबतो,
बॉल वरून जाऊन जाळीत पडतो,
आणि तो जाळीकडे बघत बसतो, कुणी फसवल्यागत.
आधी होतं त्याहून वाईट झालंय हे,
गाड्यावर सगळे म्हणूलालेत.

अठराला निपाणी. मग चिकोडी.
मग धारवाड, इथं, आमच्या दांड्याखाली.
यंदा काय, मामा?
पाच तरी खाणार, मी सांगतो. फार तर चार.

काल सांजचं पोरं गेल्यावर
चपला काढून गोलात उभा राहिलो,
हात वर केला, टाचा उचलल्या.
पोचला नाही.
बरं वाटलं.