आधी किती, मग कोण

तळवली गावठाण. बॅन्डच्या ट्रॉलीवरची खोली.
चांगोमामा क्लॅरिनेट फुंकतो, मी उतरवून घेते.
दिवसा महापेला बिलं टाइप करते,
आकड्यांवर बोटं न बघता चालतात,
म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

पाच दाबला की एक मात्रा, चार दाबला की अर्धी,
मग सुराचं अक्षर.
सा रे ग खालून वर, जिना चढल्यासारखे,
म प भिंतीला भिंत लावून,
ध पार डावीकडे, खाडीपलीकडे दिलेल्या पोरीसारखा,
नी खाली, स्पेसबारच्या उंबऱ्याशी.
मामा म्हणतो, "ही कसली वस्ती गं,
सख्खे सूर, नि एकाच्या दारात दुसरा नाय."

"हा किती ठेवू?" मी विचारते.
"आधी वाजू दे तरी!"
हळदीला नवरीची आत्या नाचत असेल
तर सूर तिचे पाय थांबेपर्यंत.
यंत्राला ते अगोदरच हवं असतं.

मग ऐरोलीहून छोटा पियानो आणला, यूएसबीचा.
डाव्या हाताने लांबी, उजव्याने सूर, वेग दुप्पट.
पण मामाचा ग पडतो दोन पट्ट्यांच्या फटीत.
वरची दाबली, तो मान हलवतो.
खालची दाबली, चहा मागतो.

एकदा थेट करून पाहिलं. टिकटिक लावली,
तो पुढे, मी पट्ट्यांवरून त्याच्या मागे.
पानभर मुंग्यांचं वारूळ फुटलं,
आणि मधोमध एक विराम,
बत्तीसाव्या भागापर्यंत अचूक मोजलेला.
तिथे त्याला धाप लागली होती.

परवा सेटिंगमध्ये सापडलं, अगदी तळाशी:
आधी सूर, मग लांबी.
अक्षर दाबायचं आणि थांबायचं.
बिलांच्या हिशोबात हे परवडत नाही.
तो डोळे मिटून फुंकतो,
माझं बोट सहावर तयार, कॅसेटवर दोन मात्रा आहेत.
दीडलाच सुटतो.
मी पाच दाबते, पुढे टिंब देते.
त्याला सांगत नाही.

रबाळ्याचा नवा पोरगा उद्या हे वाचून वाजवेल,
विचारेल, इथे मध्येच का सोडलाय?
बघू तेव्हा.

आत्ता मामा खाली गेलाय,
ट्रॉलीची बॅटरी चार्जिंगला लावायला.
ग पडद्यावर उभा आहे,
किती ते अजून न सांगितलेला.