वरचं पिवळं

अकरा महिने मी एकाच माणसाच्या
एकाच घोट्याशी दर मंगळवारी बसतेय.
जेमाल, वय बहात्तर, तेलावीच्या खालच्या अंगाचा,
क्वेव्री धुणारा.
मातीचे ते वाईनचे रांजण, पुरुषभर खोल,
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले.
खांदे तिरके करून आत उतरायचं,
चेरीच्या सालीच्या कुंच्यानं भिंत घासायची
आणि सारखं गात राहायचं,
म्हणजे वरच्यांना कळतं, खालचा शुद्धीवर आहे.
त्रेचाळीस वर्षं असं उभं राहून
त्याच्या पायाच्या शिरांनी रक्त वर चढवणं सोडून दिलं.

मग एकदा फावडं लागलं. एवढंसंच.

काळ हेच औषध, असं जो कुणी म्हणाला
त्यानं ही जखम पाहिली नव्हती.
काठाला पांढुरकी, मध्ये ओली,
दार उघडं टाकून घरातलं माणूस निघून जावं तशी.
पारदर्शक कागद ठेवून मी तिची हद्द गिरवायचे.
फाइलीत सत्तेचाळीस हद्दी,
एकीवर एक ठेवल्या तरी एकच रेघ दिसावी.

ऑक्टोबरात डॉक्टर मझिया तिब्लिसीहून सेंट्रिफ्यूज घेऊन आली,
मागच्या सीटवर, त्याला पट्टा लावून.
"तुमचंच रक्त," ती म्हणाली, "तुमच्याच पायाला."
जेमाल हसला.
"माझं रक्त सलोनिकात फरश्या बसवतं.
सहा वर्षांत दोन फोन.
माझं रक्त माझ्या उपयोगी पडतं
हे तुला कुणी सांगितलं?"
मी दंड बांधला. शीर शोधू लागले.

यंत्र घरघरून थांबलं. नळी उजेडात धरली:
तळाला लाल, मध्ये सायीची रेघ, वर पिवळं.
तो खुर्चीतून पुढे झुकला.
"बसलं," म्हणाला,
वाईन निवळली की म्हणतात त्याच सुरात.
"आम्हाला सहा महिने लागतात, गोगो."
गोगो म्हणजे पोरी. मी बावन्न वर्षांची.

रक्ताचं पाणी करतात माणसं,
माझ्या आईनंही केलं, चहाच्या मळ्यात.
ते पाणी परत त्याच माणसाला देता येतं
हे मी पहिल्यांदा पाहत होते.

डॉक्टरनं ते पुन्हा फिरवलं, कॅल्शियमचे थेंब टाकले.
वाटीत ते धरलं, पेलामुशीसारखं,
बोट लागलं की थरथरणारं.
मी जखमेचा मेलेला काठ खरवडला,
ताजं रक्त दिसेपर्यंत.
काय असतं यात, मी विचारलं.
पेशींचे तुकडे, ती म्हणाली,
जखम झाली की आधी तेच धावतात,
मागच्यांना हाका मारतात.
अकरा महिने त्या हाका कुणाला ऐकूच गेल्या नसाव्यात.
आम्ही त्या चमच्यानं नेऊन ठेवल्या.

"आणि खालच्या लालचं?"
फेकतो, मी म्हणाले.
सुईनं दुखावला नव्हता इतका तो दुखावला.
"आमच्यात गाळ फेकत नाहीत.
साली, बिया, देठ, सगळ्याची चाचा उतरते.
आणि तू माझं..."
मी भिंतीवरचा नियम वाचून दाखवला.
ज्यानं लिहिला, त्याच्याकडे द्राक्षं होती का,
त्यानं विचारलं.

चौथ्या वेळेनंतर, नाताळ उलटल्यावर,
हद्द माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी आली.
तळाशी दाणेदार लाल, डाळिंब फोडल्यासारखं.
मिटलेली नाही अजून.
डॉक्टर म्हणते, मिटेल. मग म्हणते, बघू.

गेल्या मंगळवारी आल्या आल्या
त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला,
पाय माझ्या मांडीवर दिला
आणि गुणगुणायला लागला, खर्जात,
रांजणात गातात ते.
मी वर न बघता पट्टी सोडत होते.
मधेच त्याचा आवाज अडला.
थांबू नका, मी म्हणाले.