सी-फॉर्म

सावद्यात लॉजचं रजिस्टर माझ्याकडे.
परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत
कळवायचं, असा नियम.
नऊ वर्षांत पहिल्यांदा लागला.

योरिस. नेदरलँड्स.
पासपोर्ट पिकल्या करवंदाच्या रंगाचा.
व्हिसाचे अकरा दिवस उरलेले.
आधी सुरिनामला होता, म्हणून
पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळंच कार्ड;
ते नसतं तर मुंबईत सहा दिवस
बंद खोलीत, असं हसत म्हणाला.

"येण्याचं कारण?"
"केळी."
फॉर्मच्या यादीत केळी नव्हती.
'इतर'वर खूण केली.

दुपारी मोटारसायकलवरून नेलं त्याला
कुमुदताई नेहेत्यांच्या रोपवाटिकेत.
फाटकाशी घमेलं, त्यात जांभळं पाणी.
मागल्या साली रोगानं
पाच हजार खोडं उपटून पुरली होती ताईंनी.
त्यानं सवयीनं पासपोर्ट पुढे केला.

ताईंनी हातही लावला नाही.
"ते राहू दे, भो.
कोन्त्या कोन्त्या मातीतून आला
ते बुटं सांगतीन. आधी पाय बुडव.
अन् तू रे? तू काय आभायातून आला?"

घमेल्यात आम्ही दोघं, खांद्याला खांदा,
तो त्याच्या भाषेत पन्नास मोजत होता,
मी मनात, जरा घाईनं.

तो गेला. रजिस्टरात 'रवाना' लिहिलं.
माझाही पासपोर्ट आहे कपाटात,
पोरानं हौसेनं काढून दिलेला,
आतून कोरा.

फाटकाच्या फरशीवर मात्र
त्याच्या लांबलचक बुटाशेजारी
माझी चप्पल उमटलीय,
जांभळी होती, आता तपकिरी,
घासली तरी जात नाही, म्हणतात ताई.