फरशीच्या फटी

लिटरभर पांढरा व्हिनेगर मागितला तेव्हा
मिरजकर तिकटीचा दुकानदार म्हणाला,
"लोणचं घालताय काय, काकू?"
हरळीचं, म्हटलं. त्याला कळलं नाही.

दोन चमचे बारीक मीठ. (खडेमीठ तळाशी बसतं, नळी चोंदते.)
भांड्यांच्या साबणाचे चार थेंब,
पानावरून पाणी ओघळून जाऊ नये म्हणून.
हळू हलवायचं.
ब्लीच नाही, संडासाच्या बाटलीचं तर नावच नाही:
दोन स्वच्छ गोष्टी एकत्र आल्या
की अख्खं घर खोकत सुटतं.

करता करता दिसते ती दुसरी बाटली.
थोरल्या दिरानं शेतातलं उरलेलं औषध
कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलेलं,
कोनाड्यात, मधाच्या रंगाचं.
वीरधवल सहा वर्षांचा. मे महिना. तहान.
एकच घोट, तोही अर्धा थुंकलेला,
आणि सीपीआरच्या कॉटवर तीन रात्री.

वाचला.
तिशी उलटली, तरी सरबताचा पेला आधी हुंगतो.
बायको हसते. तो हसू देतो.

म्हणून माझ्या बाटलीवर चिकटपट्टीखाली, जाड पेनानं:
तण मारायचं. पिऊ नका. शशिकला चौगुले.
आणि तारीख.
"व्हिनेगरच तर आहे," सून म्हणते.
असू दे की. अक्षर थोरलं काढायला काय पैसे पडतात?

अकराचं ऊन, वारा पडलेला.
हातमोजे. डोळ्यांवर ह्यांचा जुना चष्मा.
कढीपत्त्याच्या कुंडीवर पोतं पांघरलं,
बोक्याला आत कोंडलं, तो आतून शिव्या देतोय.
फवारा फक्त फटींवर. मातीवर नाही:
मीठ गिळलेली माती लवकर तोंड उघडत नाही.
दिवस कलताना गाजरगवताची पोरं
चहाच्या चोथ्यासारखी.
हरळीची मुळं मात्र खाली हसतायत,
पंधरा दिवसांनी भेटू म्हणतायत. भेटू.

नळाजवळच्या फटीत घोळ माजलीय, लाल देठांची.
भिंतीवरून मुल्लाणी वहिनी,
"ती नगं मारूस गं, डाळीत घालते मी."
बाटली खाली ठेवली. खुरपं घेतलं.
"हिकडं कधी मारलंस?"
"न्हाई. कधीच न्हाई."

तिनं जुडी घेतली,
नाकाशी नेली,
मग माझ्याकडं बघितलं.

हुंगू दे.