टपालपेटीपर्यंत

पेटी दोनशे चाळीस पावलांवर आहे.
मी कधी मोजली नव्हती.
हिल्काने मोजली, खिडकीतून,
न चालता.

तीन हिवाळ्यांपूर्वी केमियार्वीच्या थांब्यावर
बसच्या पायरीवरून ती पडली.
पिशवीत अंडी होती, एकही फुटलं नाही.
महिनाभर आम्ही हे हसत सांगायचो.
मग कमरेतली कळ मागे राहिली
आणि गोष्ट सांगणं थांबलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने फोटो उजेडाला धरला :
मोडलेलं काही नाही. जे होतं ते भरून आलंय.
परतीच्या वाटेवर, जंगल संपता संपता, ती म्हणाली,
"म्हणजे मी खोटं बोलते, असंच ना?"
मी म्हटलं, तसं नाही.
मग कसं, ते मला सांगता आलं नाही.

तेव्हापासून तिला जपलं
तळहातावरच्या फोडासारखं.
लाकडं मी आणली, बादली मी उचलली,
सॉनाची पायरी चढताना तिचं कोपर माझ्या मुठीत.
ती वाकू लागली की "स्स" माझ्याच तोंडून निघायचं,
आणि ते ऐकून ती अर्ध्यात थांबायची.
रोज रात्री विचारायचो : दहापैकी किती?
सात, म्हणायची. पुढे आठ.
पुढे विचारायच्या आधीच बोटं वर.
फोड म्हणून जपलेली बाई
हळूहळू नुसता फोडच उरली
आणि मी तळहात,
उघडता येईना, मिटता येईना.

होदान यायची मंगळवारी, व्यायाम शिकवायला;
मोगादिशूत जन्मलेली,
आमच्या नातवापेक्षा नीट फिनिश बोलणारी.
कोट न काढताच म्हणाली :
घरात एकदा चोर शिरला
की कुत्रं पुढे टपालवाल्यावरही भुंकतं.
भुंकणं खोटं नसतं, हिल्का.
चोर नसतो, एवढंच.

हिल्का रडली. तीन वर्षांत पहिल्यांदा,
आणि कमरेसाठी नव्हे.
मी कप पुसत होतो, पुसलेलाच कप पुन्हा.
त्या कुत्र्याला रोज रात्री खाऊ कोण घालत होतं,
दहापैकी किती, दहापैकी किती,
ते मला तिथे कळलं.

फेब्रुवारीत एका सकाळी मी पेपर आणला नाही.
विसरलो, म्हटलं.
तिने माझ्याकडे पाहिलं. मी लाकडांच्या खोपटात गेलो
आणि काहीही न फोडता उभा राहिलो.

फटीतून दिसलं : भिंतीवरची पोत्कुरी तिने उतरवली,
आमची बर्फावरची घसरखुर्ची,
जिच्यावर ती शाळेत असताना पोरांना हरवायची.
दांडा धरला. एक पाय पट्टीवर. दुसऱ्याने रेटा.
बर्चच्या झाडापाशी थांबली.
बराच वेळ थांबली.
माझे पाय धावायला निघाले होते,
मी कुऱ्हाडीच्या दांड्यावर सगळा भार टाकून
त्यांना जागेवर ठेवलं.

ती वळून परत आली. पेपर नाही.
गाल लाल. मी आकडा विचारला नाही.

आठवड्याने ऊन पडलं तेव्हा मात्र
ती पेटी ओलांडून केर्त्तूच्या घरापर्यंत गेली, कॉफी पिऊन आली,
आणि दोन दिवस अंथरुणात.
"बघ," म्हणाली छताकडे बघत, "बघ."
होदान म्हणाली, जोर शिल्लक असतानाच वळायचं.
हिल्काला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही.
चांगला दिवस म्हणजे तिला उधारी वसूल करायची संधी वाटते.

मग बर्फ पडला, चाकोऱ्या बुजल्या.
मला वाटलं, संपलं.

आज ती पेपर घेऊन आली, तीन दिवसांचे एकत्र,
सगळ्यात जुना आधी उघडला.
"खूप दुखतंय," म्हणाली, पान उलटताना.
माझ्या जिभेवर आकडा आला, मी तो कॉफीबरोबर गिळला.
"हवामान काय म्हणतं?"
"परवाचं? उणे बारा."
चष्मा पुसून तिने पुन्हा पाहिलं.
"होतं की परवा उणे बारा. बरोबर सांगितलं त्यांनी."