आवाज घेत नाही

टार्टू शहराच्या या भागाला सूपवाडी म्हणतात.
बटाटा गल्ली, घेवडा गल्ली,
आणि वाटाणा गल्लीत नदीकडे कललेलं
हेल्दुरचं लाकडी घर, तीन दिवसांपुरतं आमचं.
भाडं: दोन गाड्या सरपण, रचून देण्यासकट.
अट: जोडे बाहेर.

म्हणून सगळं युनिट मोज्यांत.
राइकोच्या अंगठ्याला भोक.
कॅमेरा कॉलेजचा, भोक स्वतःचं.

मी कंटिन्युइटी सांभाळते,
म्हणजे वहीत लिहिते:
कपाचा कान खिडकीकडे.
मेणबत्ती चार बोटं उरली.
केर्टूची बट कानामागे.
भिंतीवरचं घड्याळ पावणेचार, बंद.

गाणं दुप्पट वेगानं लावायचं,
केर्टूनं दुप्पट वेगानं ओठ हलवायचे,
मग पडद्यावर ती संथ होणार,
केस पाण्याखाली असल्यासारखे सुटणार.
इथे मात्र तिचं विरहगीत
उंदरांच्या भांडणासारखं ऐकू येतं
आणि ती जिन्यावरून अशी धावते
की वर कुठेतरी दूध उतू चाललंय.
आठव्यांदा.
मेइलिके म्हणते, "अजून एक. डोळ्यांत घाई नको."

धुराचं यंत्र आणि दोन दिवे एकदम लावले,
फ्यूज गेला. तिसरा.
हेल्दुर अंधारातून आला,
मोहरीच्या डब्यातून चिनी मातीचा फ्यूज काढला,
बसवला, परत गेला.
एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या ध्यानात आलं,
हा माणूस दाराआड उभा राहून खोकला गिळतोय.
जिन्यात चौथी पायरी ओलांडतोय, कारण ती कुरकुरते.
भट्टीत ओंडका असा ठेवतोय
जसं झोपलेल्या पोराच्या उशाशी पाणी.
घड्याळही त्यानंच थांबवलेलं,
आम्ही यायच्या आधी, पावणेचारला.

"अहो," मी म्हटलं, "आम्ही इथला आवाज घेतच नाही.
गाणं आधीच स्टुडिओत झालंय. खोका तुम्ही."

"काहीच ऐकू जाणार नाही?"
"काहीच नाही."
"पायरी?"
"दिसेल. वाजणार नाही."

आधी तो खोकला, दोन दिवसांचं साठलेलं.
मग चौथ्या पायरीवर मुद्दाम उभा राहिला, दोनदा.
मग खुर्चीवर चढून लंबकाला बोट लावलं
आणि माझ्या कंटिन्युइटीचे
पावणेचार वाजता बारा वाजले.

मग बोलायला लागला,
शॉट चालू असताना, उंदरांच्या वर आवाज चढवून:
वरच्या खोलीत आउने राहायची.
तिचा पियानो एका हिवाळ्यात बटाट्यांवर गेला.
मग तिनं फळीवर पट्ट्या रंगवल्या, काळ्या-पांढऱ्या,
आणि शिकवत राहिली.
मी चार वर्षं शिकलो त्या फळीवर.
चुकलो की लगेच म्हणायची, "पुन्हा."
तिला कसं कळायचं, ते मला विचारू नका.

बोलता बोलता त्याची बोटं
खिडकीच्या चौकटीवर उतरली.

राइकोला कुणी सांगितलं नव्हतं.
त्यानं केर्टूला सोडलं
आणि कॅमेरा तिकडे वळवला.
केर्टू दोन ओळी एकटीच धावली, मग थांबली.
उंदीर पळत राहिले.

एडिटिंगला ते अकरा सेकंद आले.
मेइलिकेनं ते गाण्याखाली बसवून पाहिले,
दोन फ्रेम पुढे, पाच फ्रेम मागे.
बसेनात.
हात काहीतरी दुसरंच वाजवत होते.
"काढून टाकू," ती म्हणाली,
आणि तीन आठवडे काढले नाहीत.

तसेच गेले.
परीक्षकांनी गुण कापले, तालाचे.

माझ्या वहीत त्या दुपारची नोंद आहे,
बॉलपेन संपत आलेलं, अक्षर फिकट:
हेल्दुर. डावा हात. करंगळी एकदा घसरली.
पुन्हा घेतलं नाही.