पावाची गाडी

बेकरी बुडाली तेव्हा लॉर्नाने
थकलेल्या पगारापोटी गाडीच मागून घेतली.
एल्को गावात हसले लोक.

तिने ट्रेचे कप्पे उचकटले,
तळाला प्लायवूड ठोकलं,
चाकासाठी खाच कापली, दोन बोटं चुकली,
पुन्हा कापली.
आता डाव्या अंगाला मोटरसायकल, पट्ट्यांनी करकचून,
उजवीकडे अरुंद फळी, तीवर गादी.
झोपेत हँडल बरगडीला लागतं.

कितीही घासा,
पेट्रोलच्या वासाखालून
यीस्ट येतंच.

वाळवंटातली पहिली रात्र.
साडेतीनला जाग आली सवयीने,
पाय ब्रेक शोधत राहिला.
बाहेर सेजची झुडपं;
पाव ठेवावा असा
उंबरठा एकही नाही.

तिने कूस बदलली.
कोपर टाकीला टेकलं, गार.
"थांब," म्हणाली,
"उजाडू दे."